हडळ म्हणजे कोण?

आमच्या बहुतेक खेड्यांत एखादी तरी हडळ असतेच. कोठे ती चिंचेवर राहते, कोठे पडक्या विहिरीवर, कोठे ओढ्याच्या वळणावर. काही भागांत तिला अळवंतीण म्हणतात. तिचे पाय उलटे असतात, केस मोकळे असतात, ती रात्री वाटसराला हाका मारते, अशा गोष्टी शाळेतील पोरे एकमेकांस सांगतात आणि आम्ही मास्तर लोक ‘भूत नसते’ एवढे एक वाक्य बोलून पुढचा धडा घेतो. हे उत्तर अपुरे आहे. भूत नसते हे खरे. परंतु जिचे भूत झाले असे म्हणतात ती बाई तर होती ना? ती कोण होती? गावातल्या कोणत्याही जुन्या माणसास विचारा. गर्भारपणी किंवा बाळंतपणात जी बाई मेली तिची हडळ होते, असेच तो सांगेल.

कित्येक गावांत अशा बाईचे प्रेत नेताना वाटेवर राळे किंवा मोहऱ्या टाकीत. कशासाठी, तर ती दाणे वेचीत बसेल आणि घराकडे परतणार नाही! ज्या घराला वारस देता देता तिने जीव दिला त्याच घराने तिची परतीची वाट बंद करायची, हा न्याय आमच्या समाजाचा. आम्हांस या समजुतीची चीड येते. तरीपण तिच्या पोटात एक खरी गोष्ट दडलेली आहे. हडळ ही गावाने ठेवलेली नोंद होय. जी बाई कागदावर कधी लिहिली गेली नाही ती झाडावर लिहिली गेली. चिंचा आणि विहिरी मोजल्या म्हणजे आपल्या किती आया-आज्या पोर जन्माला घालता घालता गेल्या याचा थोडाबहुत अंदाज येतो.

कागदावरचा अंदाजही ऐका. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली हिंदुस्थानच्या आरोग्याविषयी जो अहवाल दिला त्यात दर हजार जन्मांमागे सुमारे २० आया मरतात, म्हणजे दरसाल जवळजवळ २ लाख स्त्रिया या एका कारणाने जातात, असे म्हटले होते. हजारांत वीस म्हणजे थोडेच, असे कोणास वाटेल. पण त्या काळी बाईला एकच बाळंतपण नसे. सहा बाळंतपणे धरा. वीस गुणिले सहा, एकशेवीस. म्हणजे हजार बायकांत सुमारे सव्वाशे, दर आठ बायकांत एक! चौथीतल्या मुलासही येणारे हे गणित आहे. ते आमच्या घरांत कोणी मांडले नाही एवढेच. पंगतीला बसलेल्या आठ सासुरवाशिणी डोळ्यांपुढे आणा आणि मग हा हिशेब पुन्हा वाचा.

निसर्गाने बाईला पुरुषापेक्षा चिवट केलेले आहे. बहुतेक देशांत बायका पुरुषांहून अधिक वर्षे जगतात. आपल्या देशात मात्र १९७०-७५ च्या सुमारासही पुरुषाचे सरासरी आयुष्य साडेपन्नास वर्षे आणि बाईचे एकोणपन्नास होते. १९८० नंतर कोठे बाई थोडी पुढे गेली. निसर्गाने दिलेले माप मधल्यामध्ये कोणी चोरले, हा प्रश्न विचारावयास नको काय?

यावर आमच्या लोकांचे ठरलेले उत्तर असे की, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. तगली तर तिचे दैव, गेली तर तिचे दैव. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाते, तिथे माणसाचे काय चालणार? आमचा स्वतःचा तर्क असा आहे की, ती रात्र जागवण्याची चाल उगीच पडलेली नाही. बाळंतज्वर बहुधा पहिल्या आठवड्यातच भरतो, पोराचा धनुर्वातही त्याच दिवसांत होतो. भीती खरी होती. तिचे कारण हाताला न लागल्यामुळे ती सटवाईच्या नावे घातली गेली.

दैव म्हणाल तर बादशहाच्या बेगमेहून थोर दैव कोणाचे? शहाजहानची मुमताज १६३१ साली बऱ्हाणपुरास, म्हणजे आमच्या खानदेशाच्या उंबरठ्यावर, वारली. ते तिचे चौदावे बाळंतपण होते. मुलगी जगली, आई गेली. हकीम होते, दासी होत्या, खजिना होता. ताजमहाल पाहावयास जाणारे लोक बादशहाच्या प्रेमाच्या गोष्टी सांगतात. चौदा बाळंतपणांची गोष्ट कोणी सांगत नाही. तेव्हा एवढे तर ठरले की, पैशाने हे मरण टळत नव्हते. मग कशाने टळते?

याचे उत्तर उत्तरेकडच्या स्वीडन देशाने दिले आहे आणि ते आमच्या शेतकरी बांधवांनी मुद्दाम ऐकण्यासारखे आहे. कारण तो देश तेव्हा आजच्यासारखा श्रीमंत नव्हता. थंडी कडाक्याची, जमीन खडकाळ, पिके बुडत, १८६७ पासून दोन-तीन वर्षे तर तेथे दुष्काळच पडला आणि हजारो कुणबी घरदार सोडून अमेरिकेस गेले. अशा देशाने १७४९ साली एक साधी गोष्ट केली. प्रत्येक गावच्या पाद्र्याने कोण जन्मले, कोण मेले व कशाने मेले याची नोंद ठेवून वर पाठवावी, असा कायदा केला. दोनच वर्षांनी, १७५१ साली, तेथील वैद्यमंडळाने त्या नोंदी पाहून सरकारास कळविले की, बाळंतपणात मेलेल्या ६५१ स्त्रियांपैकी निदान ४०० तरी, पुरेशा शिकलेल्या सुइणी असत्या तर, वाचल्या असत्या. हे वाक्य लिहिणाऱ्यांनी जगाच्या इतिहासात मोठेच काम केले असे आम्ही समजतो. कारण त्यांनी दैवाच्या खात्यावरची रक्कम काढून ती कारभाराच्या खात्यावर घातली.

पुढे १७५७ साली असे ठरले की, प्रत्येक परगण्याने एक बाई निवडून राजधानीस सुइणीचे काम शिकावयास पाठवावी. हे लगेच झाले असे मात्र कोणी समजू नये. खर्च नको म्हणून पुष्कळ परगण्यांनी वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. गावचे पुढारी सगळीकडे सारखेच! पण सरकारने नेट सोडला नाही. १८२९ साली तेथील शिकलेल्या सुइणींस अडलेले मूल काढण्याची हत्यारे वापरण्याची मुभा मिळाली. हा अधिकार इतर देशांतील डॉक्टर मंडळी आपल्याच मुठीत ठेवीत असत. परंतु ज्या गावापासून डॉक्टर तीन दिवसांच्या वाटेवर आहे तेथे मुठीतला अधिकार काय कामाचा? १८८१ च्या सुमारास जंतुनाशक औषधाने हात व साहित्य धुण्याचा नियम सुइणींस लागू झाला. फळ काय मिळाले ते पाहा. १७५१ च्या सुमारास तेथे दर लाख बाळंतपणांत सुमारे ९०० आया मरत. १९०० च्या सुमारास हा आकडा २३० वर आला. तोही पेनिसिलीन नसताना, रक्त देण्याची सोय नसताना, आणि बहुतेक बाळंतपणे घरच्या घरीच होत असताना. त्याच्या पुढे वीस वर्षांनी धनाढ्य अमेरिकेत हा आकडा ६०० च्या वर होता.

आता दुसरी हकीगत. ही मोठ्या शहरातली, मोठ्या विद्वानांची आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांत अकराहून अधिक बाया मेल्या, दुसऱ्यात शंभरांत तीनही नाहीत. इमारत तीच, शहर तेच, बाया त्याच गरीब घरांतल्या. कोणत्या विभागात जागा मिळायची ते दिवसावर ठरे. म्हणून पहिल्याचा दिवस निघाला की बाया गुडघे टेकून विनवीत की आम्हांला तिकडे नेऊ नका. काहींनी तर रस्त्यातच बाळंत होणे पत्करले, आणि रस्त्यात बाळंत झालेल्या पहिल्या विभागातल्यांपेक्षा कमी मरत!

सेमेलवाइस नावाचा एक हंगेरियन डॉक्टर तेथे नोकरीस होता. त्याला हे सहन होईना. हवा, अन्न, गर्दी, पाद्र्याची घंटा, सगळे त्याने तपासले. मार्च १८४७ मध्ये त्याचा एक स्नेही डॉक्टर प्रेत फाडताना सुरी लागून मेला. आणि त्याच्या प्रेतात बाळंतज्वराने मेलेल्या बायांप्रमाणेच खुणा सापडल्या. तेव्हा सेमेलवाइसच्या ध्यानात आले की, विद्यार्थी सकाळी प्रेते फाडतात आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासतात. सुइणी प्रेतांना हात लावीत नाहीत. त्या मेच्या मध्यापासून त्याने दाराशी क्लोरीनच्या चुन्याचे पाणी ठेवले, म्हणजे आपल्या गावच्या विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडरच म्हणा, आणि हात धुतल्याशिवाय कोणास आत सोडीना. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा मरत होत्या, जूनमध्ये दोन. १८४८ च्या मार्चात आणि ऑगस्टात त्या विभागात एकही बाळंतीण मेली नाही.

त्या डॉक्टराची पालखी निघाली असेल असे वाचकांस वाटेल. पण वरिष्ठ विद्वान रागावले. आपले हात अस्वच्छ असू शकतात, आपल्याच हातांनी बाया मेल्या, हे मान्य कसे करावे? १८४९ साली त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून मेला. त्याच्याही आधी, १७९५ साली, स्कॉटलंडातील गॉर्डन नावाच्या डॉक्टराने आपण स्वतःच कित्येक बायांपर्यंत हा ज्वर पोचविला असे उघड लिहून ठेवले होते. त्यालाही लोकांच्या रोषामुळे आपले शहर सोडावे लागले. खरे बोलणाऱ्याची गत ही अशी.

आमच्या वाचकांस या विद्वानांचा स्वभाव ओळखीचा वाटेल. आपल्याकडे त्याला सोवळे म्हणतात. सोवळ्यातला हात शुद्ध, मग त्याला काही का लागलेले असेना. आणि ओवळ्यातला हात अशुद्ध, मग तो राखेने दहादा घासलेला का असेना. सोवळे आणि स्वच्छता या दोन गोष्टी एक नव्हेत, हे न कळल्यामुळे व्हिएन्नात जे झाले तेच आपल्या घराघरांत उलट्या बाजूने झाले. तेथे विद्वानांचा हात शुद्ध मानला म्हणून तो धुतला नाही. येथे बाळंतीणच अशुद्ध मानली. दहा दिवस सोयर. तिला शिवायचे नाही. म्हणून तिला घरातली सर्वांत अंधारी खोली, सर्वांत जुनी गोधडी, फेकून देण्याजोगे फडके. विटाळ लागलेले पुढे टाकूनच द्यायचे, मग चांगले कशाला खराब करा? ज्या घडीला बाईला स्वच्छ कपड्याची सर्वांत अधिक गरज, त्याच घडीला तिच्या वाट्याला सर्वांत मळके आले. आणि ज्या हातांनी तिला सोडवायचे ते हातही गावाने शिवेबाहेरचे ठरविले. कोठे मांगाची, कोठे न्हाव्याची म्हातारी सुईण असे. तिच्या बोटांत पिढ्यांचे कसब होते. पायाळू पोर कसे धरावे, वार कशी पडू द्यावी, हे ती जाणत होती. सुताराच्या वाकसाला, लोहाराच्या भात्याला जशी कारागिरी लागते तशीच ही. परंतु तिला कोणी शाळेत बसविले नाही, कोणी साबण दिला नाही, विळा उकळून घे असे सांगितले नाही. शेरभर दाणे आणि एक जुने लुगडे तिच्या पदरात लांबून टाकले आणि तिच्या जाण्यानंतर गोमूत्र शिंपडले. स्वीडनने आपल्या सुइणीस शिकवून हत्यार दिले. आम्ही आमच्या सुइणीस विटाळ दिला. दोन्ही देशांच्या आयांच्या मरणात जो फरक पडला त्याचे मूळ येथे आहे.

हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते असे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात विधवांसाठी बाळंतपणाची गुप्त सोय केली. समाजाने जिला सर्वांहून अशुद्ध ठरविले तिला तेथे निर्भयपणे मोकळे होता येई. तेथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. मुंबईच्या सुतार कुळातील रखमाबाईंचे नाव आमच्या कारागीर बंधूंस तर पाठच असावे. अकराव्या वर्षी लग्न. मोठेपणी तिने नांदावयास जाण्याचे नाकारले. नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैदेत जा, असा हुकूम १८८७ साली झाला तेव्हा तिने कैद पत्करण्याची तयारी दाखविली. पुण्याच्या ‘केसरी’ने तिच्याविरुद्ध लेखणी झिजविली. १८८८ साली तडजोड झाली, ती विलायतेस गेली, १८९४ साली डॉक्टर झाली आणि सुरत व राजकोट येथे बायकांची इस्पितळे तिने वर्षानुवर्षे चालविली. पोरवयात नांदावयास धाडलेली मुलगी एरवी काय झाली असती, याचा विचार करा.

येथे एक कष्टकरी घरांतला अभिमानही तपासून घेतला पाहिजे. आमच्यांत मोठ्या फुशारकीने सांगतात की, अमक्याची आई खुरपता खुरपता बांधावर बाळंत झाली आणि पोर पाटीत घालून घरी आली. यात काही सत्य आहे. काश्मीरमध्ये व्हॉन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यातल्या बायका आणि उन्हात राबणाऱ्या बायका यांची तुलना करून १९२८ साली लिहिले की, ऊन न मिळाल्याने पडद्यातल्यांची हाडे मऊ पडून कटी आवळते व मूल अडते. उघड्यावर वावरणाऱ्यांचे तसे होत नाही. तेव्हा ऊन आणि काम हे बाईचे वैरी नव्हेत. पण जी बांधावर बाळंत झाली आणि बांधावरच संपली, तिची गोष्ट फुशारकीत येत नाही. ती पुढे चिंचेवर जाते. आणि उन्हाने हाड घट्ट होईल, रक्त कोठून येईल? वार पडल्यावर रक्त वाहू लागले तर धडधाकट बाईसुद्धा काही तासांत हातची जाते. जिच्या अंगात मुळातच रक्त नाही ती त्याहून लवकर जाते. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरांत ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. ही गोष्ट डॉक्टरची नव्हे, आमच्या चुलीची आहे. सर्वांचे उरकल्यावर उरलेसुरले तिने खायचे, आणि गर्भारपणी तर पोर मोठे होऊन अडेल म्हणून आणखी कमी खायचे! बैलाला नांगरटीपूर्वी पेंड घालणारा शहाणा कुणबी घरात एवढा अडाणी का होतो, हे आम्हांस उमगत नाही.

आज काळ पालटला आहे हे कबूल केले पाहिजे. १९३६ नंतर सल्फाची औषधे आली, पुढे पेनिसिलीन आले, रक्तपेढ्या झाल्या. इंग्लंडात १९३५ पर्यंत लाखामागे चारशेच्या घरात असलेला आकडा १९५० पर्यंत शंभराच्या आत आला. आपल्या महाराष्ट्रात २०१८-२० च्या सरकारी पाहणीप्रमाणे तो ३३ होता. साऱ्या देशाचा ९७, केरळचा १९ आणि आसामचा १९५. शंभरांत चौऱ्याण्णव-पंचाण्णव बाळंतपणे आता इस्पितळात होतात. भोर समितीच्या हजारांत वीसवरून येथवर आलो, ही लहान गोष्ट नव्हे आणि ती नवसाने झालेली नाही.

परंतु एकाच देशात आसामात १९५ आणि केरळात १९ असावे, यावरूनच दैवाचा हिशेब खोटा ठरतो. सटवाई आसामात वेगळ्या शाईने लिहिते काय? आपल्या राज्यातही ३३ हा सरासरीचा आकडा आहे. सरासरीत डोंगरातला पाडा झाकला जातो, उसाच्या फडावरची खोप झाकली जाते. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू मांडली आणि १९२९ साली तसा कायदा झाला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरणाऱ्या ऊसतोडणीच्या धंद्यात मात्र पोटुशी बाई दिवस भरत आले तरी मोळी उचलते, कारण ती बसली तर खाडा पडतो. आणि फडावर जाताना वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तिचे लग्न उरकले जाते. वर सांगितलेल्याच पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी बावीस जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. आम्ही मास्तरांनी हजेरीपटावर ज्या नावांपुढे ‘दीर्घकाळ गैरहजर’ असे लिहिले ती हीच नावे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीची कटी पुरती वाढलेली नसते. मूल अडते, दाब वाढून आकडी येते, आणि घरचे अजूनही आधी भगताकडे धावतात. मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलले तर हुंडा वाढेल असे म्हणणाऱ्या बापाने मुलीच्या तेराव्याचा खर्चही एकदा मांडून पाहावा.

सुइणीची जागा आता गावात आशाताईने आणि उपकेंद्रातील नर्सबाईने घेतली आहे. आशाताई रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर गाडीत बसून जाते. तिला सरकार पगारी नोकर मानीत नाही, मानधन देते. आणि आम्ही गावकरी तिला दारातूनच बोलून परत पाठवितो. शेरभर दाण्यांचा काळ गेला असे आम्ही म्हणतो खरे!

पुढच्या ग्रामसभेत गटार आणि दिव्यांचे विषय झाले म्हणजे आमच्या वाचकांनी उठून चार गोष्टी विचाराव्यात. उपकेंद्रातील नर्सची जागा भरलेली आहे काय? रात्री गाडी बोलाविली तर ती किती वेळात येते? पोट फाडून मूल काढण्याची व रक्त देण्याची सोय असलेले सर्वांत जवळचे इस्पितळ किती कोसांवर आहे? आणि गेल्या दहा वर्षांत या गावच्या किती बाया गर्भारपणी किंवा बाळंतपणात गेल्या, त्यांची नावे काय, वये काय, कोणत्या घडीला कोणती मदत मिळाली नाही? सरकारी नियमाप्रमाणे अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी व्हावयाची असते. ती झाली असेल तर तिचा निकाल काय लागला ते विचारावे, झाली नसेल तर का नाही ते विचारावे. सरपंच म्हणतील की हा बायकांचा विषय आहे, येथे नको. त्या वेळी बायकांनीच पुढे बसलेले असावे, आणि मेलेल्यांची नावे त्यांनीच वाचावीत.